एफडी मोडून आजोबांची बीएसए उभी करावी का?

साताऱ्याच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. आजोबांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली बीएसए एम२०, म्हणजे युद्धकाळातली ब्रिटिश मोटारसायकल, पडवीत तीस वर्षं बंद पडून आहे. ती घरीच उघडून चालू करायची, शिवाय बारा व्होल्टचं वायरिंग, सेल्फ स्टार्ट आणि डिस्क ब्रेक बसवायचा. अंदाज ३,२०,००० रुपये. त्यासाठी साडेचार लाखांची एफडी मोडू का? मित्र म्हणतात, तयार झाली की दुप्पट किंमत येईल.

सर, गाडी जरूर उभी करा, पण सगळी एफडी मोडू नका. तुमचा घरखर्च ४८,००० आणि घराचा हप्ता १४,०००, म्हणजे महिन्याला ६२,०००. सहा महिन्यांचे ३,७२,००० होतात. मुलगी पुढच्या वर्षी बारावीला आहे आणि एफडीखेरीज तुमच्या हाताशी दुसरी रक्कम नाही, म्हणून एवढ्याला हात लावायचा नाही. उरले ७८,०००. पगारातून महिन्याला २०,००० शिल्लक राहतात, त्यातले १२,००० मुलीसाठी आणि ८,००० गाडीसाठी ठेवा. अडीच वर्षांत सगळे मिळून ३,१८,००० होतात. पर्सनल लोन मात्र नको. बारा टक्क्यांनी तीन वर्षांत ६२,००० हून जास्त व्याजच जाईल.

दुप्पट किमतीचा हिशेब डोक्यातून काढून टाका. आजोबा टाकीवर बसवून शाळेत सोडायचे असं तुम्हीच लिहिलंय. ती गाडी तुम्ही विकणार नाही, आणि विकूही नये असं मला मनापासून वाटतं. मग हा खर्च आहे, गुंतवणूक नाही. खर्च म्हणून तो चांगलाच आहे.

पहिला रुपया कागदांवर जाऊ दे. गाडी अजून आजोबांच्या नावावर आहे, म्हणजे काका आणि आत्यांचाही तिच्यात वाटा आहे. त्यांची लेखी संमती घेऊन आरटीओत वारसाच्या नावावर करून घ्या. तीन लाख घालून झाल्यावर भाऊबंदकी उभी राहिलेली मी पाहिली आहे, तीही यापेक्षा साध्या गाडीवरून.

मग नोंदणी. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण चासी आणि इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणजे शाळेत जायला ती धरू नका. जुनं आरसी पुस्तक चालू ठेवता येतं का, हे आरटीओत आधी विचारा.

म्हणून सेल्फ स्टार्ट आणि डिस्क ब्रेक यादीतून काढा. बारा व्होल्टचं वायरिंग करा, पण जुना सहा व्होल्टचा डायनॅमो आणि दिवे डब्यात जपून ठेवा, पुन्हा बसवता आले पाहिजेत. विमा उतरवताना गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरवून घ्या. इतक्या जुन्या गाडीला ठरलेला तक्ता नसतो.

तुमच्या पथ्यावर पडणारी एक गोष्ट आहे. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात युद्धकाळात एम२० सव्वा लाखाहून जास्त बनल्या, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. मात्र इंग्लंडहून मागवलेल्या भागावर कुरिअर आणि कस्टम ड्युटी लागते, ती अंदाजात धरलेली दिसत नाही. वीस टक्के वाढवा. रंग आणि क्रोम सगळ्यात शेवटी.

या सुट्टीत फक्त व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचे पाने घ्या. आपले मिलिमीटरचे पाने लावले की नटांचे कोपरे झिजतात. मग प्लग काढून भोकातून थोडं तेल सोडा आणि आठ दिवसांनी हलक्या पायाने किक दाबून बघा. हलली तर सिलिंडरच्या बोअरिंगचे पैसे कदाचित वाचतील. नाही हलली तर लेथवाल्याकडून इंजिनचा नवा अंदाज घ्या आणि मला पुन्हा लिहा, आपण महिन्यांचा हिशेब नव्याने मांडू.