जुन्या टेबलला नवा नियम लावताना

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सभासद टेबलात मोबाइलचा रकाना आता सक्तीचा करायचाय. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ‘सेट नॉट नल’ (रकाना रिकामा चालणार नाही) दिलं की एरर येतो, कारण जुन्या ओळींत नल आहेत. तिथे दहा शून्यं भरू का?

कृपा करून भरू नका. नल म्हणजे ‘माहीत नाही’. दहा शून्यं भरली की टेबल म्हणतं, ‘माहीत आहे’, आणि ते खोटं असतं. रिपोर्टमध्ये सगळे मोबाइल भरलेले दिसतील आणि किती सभासदांना अजून विचारायचंय, हे कुणालाच कळणार नाही.

त्याऐवजी ‘मोबाइल इज नॉट नल’ असा चेक कन्स्ट्रेंट (प्रत्येक ओळीने पाळायचा नियम) ‘नॉट व्हॅलिड’ लिहून जोडा. नव्या ओळींना तो लगेच लागू होतो, जुन्या तपासल्या जात नाहीत. पण एक खोच आहे. जुन्या ओळीत नुसता पत्ता बदलला तरी चेक चालतो आणि मोबाइल नसेल तर अपडेट अडतं. काउंटरवर हे बरंच, त्या निमित्ताने नंबर विचारला जातो. रात्री सगळ्या सभासदांच्या ओळी अपडेट करणारा जॉब असेल, तर मात्र तो अडेल. तो आधी तपासा.

प्रश्न : नंबर गोळा झाले. आता पक्कं नॉट नल करताना टेबल लॉक होईल ना?

थेट केलंत तर होईल. पूर्ण टेबल तपासून होईपर्यंत साधं सिलेक्टही, म्हणजे नुसतं वाचणंही, थांबतं. म्हणून आधी ‘व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट’ चालवा, म्हणजे जुन्या ओळीही त्या चेकने तपासल्या जातील. त्याचा लॉक हलका असतो, वाचणं-लिहिणं चालू राहतं. मग ‘सेट नॉट नल’ द्या. 2019 च्या आवृत्ती 12 पासून पोस्टग्रेस त्या चेकवर विश्वास ठेवून पुन्हा टेबल तपासत नाही. शेवटी चेक काढून टाका.

‘लॉक टाइमआउट’ (लॉकसाठी थांबायची मर्यादा) दोन-तीन सेकंदांचा ठेवाच. तुमच्या आधीपासून एखादा लांबलेला रिपोर्ट चालू असेल, तर तुमचं ऑल्टर (टेबल बदलणारी आज्ञा) त्याच्यासाठी थांबतं आणि मागून येणारे सगळे तुमच्यासाठी.

प्रश्न : मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ‘मॉडिफाय कॉलम’ने रकान्याची फक्त लांबी वाढवली, तर डिफॉल्ट (काही न दिल्यास आपोआप भरलं जाणारं मूल्य) आणि नॉट नल दोन्ही गेले.

मॉडिफायला रकान्याची पूर्ण व्याख्या पुन्हा द्यावी लागते. जे लिहिलं नाही ते जातं. आधी ‘शो क्रिएट टेबल’ करून ती ओळ जशीच्या तशी उचला, मग लांबी बदला. सर्व्हर 8.0.16 च्या आधीचा असेल, तर चेक कन्स्ट्रेंटही तपासून घ्या. त्या आवृत्त्या तो मुकाट्याने स्वीकारायच्या आणि कधीच लागू करायच्या नाहीत.