'बांधकाम लॉबी', म्हणजे बांधकाम क्षेत्रातल्या संघटना, सरकारकडे नेमकं काय मागतात, आणि त्यांचं खरंच ऐकलं जातं का?

तुम्ही प्रश्नात 'बांधकाम लॉबी' असा शब्द वापरलाय, जणू सगळे एकाच गाडीतून मंत्रालयाच्या दारात उतरतात. तसं नाही हो. मी सोलापूर जिल्ह्यात 22 वर्षं सरकारी कामं करतोय. रस्ते, शाळाखोल्या, मधूनच एखादं तलाठी कार्यालय. तालुक्याच्या कंत्राटदार संघटनेचा काही वर्षं सचिव होतो, त्यामुळे निवेदन टाइप करण्यापासून नागपूरच्या मोर्चात पाण्याच्या बाटल्या वाटण्यापर्यंत सगळं केलंय. त्यातून एवढं कळलं की या धंद्यात मागणारे तीन आहेत: बिल्डर, कंत्राटदार आणि मजूर. तिघांचं मागणं वेगळं आणि ते जे दार ठोठावतात तेही वेगळं.

बिल्डरांचं पटकन सांगतो, कारण त्यांचं पेपरात रोज येतंच. त्यांची क्रेडाई ही संघटना मजबूत आहे आणि त्यांना हवं असतं ते बहुतेक वेळा विधानसभेत न जाताच मिळतं. करोनाच्या वर्षी, 1 सप्टेंबर 2020 पासून मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी झालं, पुढच्या जानेवारी ते मार्च दोन टक्क्यांनी. जानेवारी 2021 मध्ये प्रीमियममध्ये, म्हणजे जादा बांधकामासाठी वगैरे सरकार-महापालिकेला भरायच्या शुल्कात, 50 टक्के सूट मिळाली, अट एवढीच की ती घेणाऱ्याने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरायचं. मुंबई वगळून जवळपास अख्ख्या राज्याला लागू झालेली एकत्रित बांधकाम नियमावली डिसेंबर 2020 ची, तीही अधिसूचनेनेच आली. हे मागणं सरकारला सोपं पडतं. दर कमी केला की नोंदणी वाढते, तिजोरीत काहीतरी येतं, वर घोषणा करता येते. पण ते सर्वशक्तिमान आहेत असंही समजू नका. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा, 2016 मध्ये आला, 1 मे 2017 पासून पूर्ण लागू झाला, आणि ग्राहकाच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायची अट त्यांना गिळावीच लागली. जीएसटीत 1 टक्का दराच्या परवडणाऱ्या घरासाठी 2019 मध्ये 45 लाखांची मर्यादा घातली गेली. ती वाढवा म्हणून दर बजेटच्या तोंडावर त्यांचं निवेदन असतंच.

आता आमचं, म्हणजे कंत्राटदारांचं. आम्ही सवलत मागत नाही, केलेल्या कामाचे पैसे मागतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण आमची सगळ्यात मोठी 'धोरणात्मक मागणी' हीच आहे. 2025 च्या सुरुवातीला राज्यातल्या संघटनांनी थकबाकीचा आकडा 89 हजार कोटी सांगितला होता. आकडा संघटनांचा आहे, सरकारने तो तसाच मान्य केला असं नाही. पण माझ्या तालुक्यातला एकही कंत्राटदार मला असा दाखवा ज्याचं बिल अडकलेलं नाही.

असं का होतं, ते बाहेरच्या माणसाला कोणी सांगत नाही. समजा 5 कोटींच्या रस्त्याला प्रशासकीय मान्यता मिळाली. बजेटमध्ये त्यासमोर टोकन तरतूद असते, काही लाखांची. तेवढ्यावर निविदा निघते, कार्यारंभ आदेश हातात पडतो, नारळ फुटतो, आमदारसाहेबांचा फोटो येतो. आम्ही खडी-डांबर उधारीवर उचलून काम करतो. शाखा अभियंता एमबी, म्हणजे कामाच्या मोजमापाची वही, भरतो, बिल विभागात जातं आणि तिथून उत्तर येतं, 'हेडवर पैसे नाहीत.' हेड म्हणजे बजेटमधलं त्या कामाचं खातं. मग डिसेंबरच्या पुरवणी मागण्यांची, म्हणजे वर्षाच्या मध्येच मंजूर होणाऱ्या जादा निधीची, वाट. त्यात आपल्या हेडला काही पडलं तर शंभराला दहा-पंधरा मिळतात, उरलेलं मार्चमध्ये बघू.

म्हणून आमच्या मागण्या दोन. एक, पुरेशी तरतूद असल्याशिवाय कार्यारंभ आदेश देऊ नये, आणि हे परिपत्रकाने नको, कायद्याने हवं. परिपत्रकं आम्ही भरपूर पाहिलीत. दोन, उशिरा पैसे दिले तर व्याज. याला उत्तर मिळतं की 2006 चा लघुउद्योगांचा कायदा आहे की, 45 दिवसांत पैसे नाहीत तर बँक दराच्या तिप्पट व्याज. आहे खरा. पण मुंबई उच्च न्यायालयाने निकालांतून म्हटलंय की वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे माल आणि मजुरी एकत्र असलेलं काम, त्या कायद्यात बसत नाही. म्हणजे खिळे विकणाऱ्या कारखानदाराला संरक्षण, पण तेच खिळे ठोकून शाळा उभी करणाऱ्याला नाही. यावर कडी म्हणजे आयकरातलं कलम 43 बी (एच). माझा पेव्हर ब्लॉकवाला छोटा उत्पादक आहे. त्याचे पैसे मी मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च मला वजा मिळत नाही. सरकार माझे पैसे दोन वर्षांनी देणार, आणि मी मात्र जास्तीत जास्त 45 दिवसांत त्याचे चुकवायचे.

जीएसटीचा फटका वेगळाच. 18 जुलै 2022 ला सरकारी कामांवरचा दर 12 वरून 18 टक्के झाला. माझं काम आधीच्या निविदेतलं, दर ठरलेला. 40 लाखांचं बिल, फरक 2 लाख 40 हजार. तो मिळावा म्हणून मी एका कार्यालयात अकरा पत्रं दिली. बाराव्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडेच आधीच्या पत्रांच्या पोचपावत्या मागितल्या.

नागपूर अधिवेशनात मोर्चा विधानभवनाच्या अलीकडे, टी-पॉइंट चौकात अडवतात. चार-पाच जणांचं शिष्टमंडळ आत सोडतात. मंत्री भेटले तर 'सकारात्मक आहोत', नाही भेटले तर स्वीय सहायक निवेदनावर शिक्का मारून देतो. एखादा आमदार प्रश्न लावतो, 'हे खरे आहे काय?' त्यावर छापील उत्तर येतं, 'हे अंशतः खरे आहे', आणि पुढे 'निधीच्या उपलब्धतेनुसार'. या दोन शब्दांना आमच्यात शिवीची कळा आली आहे.

दोष सगळा सरकारचा नाही, हेही कबूल करतो. निविदा 25-30 टक्के बिलो, म्हणजे अंदाजित रकमेपेक्षा कमी, भरणारे आमचेच भाईबंद. आणि ज्याच्या डोक्यावर कुणा नेत्याचा हात आहे, त्याचं बिल निघालं की तो मोर्चातून गायब होतो. कर्नाटकातल्या संघटनेने 2021 मध्ये 40 टक्के कमिशनचा आरोप करत थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं, 2023 च्या निवडणुकीत तो मुद्दा गाजला. आमच्याकडे असं पत्र लिहायचं म्हटलं तर सही पहिली कुणाची यावरच बैठक मोडेल.

राहिले मजूर. गंमत बघा, या तिघांत खरा कायदा मिळवला तो त्यांनी. 1980 च्या दशकात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्यासारखी माणसं सोबत घेऊन मजूर संघटनांनी देशभर मोहीम चालवली, आणि 1996 मध्ये बांधकाम कामगारांचा कायदा आला. बांधकाम खर्चाचा किमान 1 टक्का उपकर त्यांच्या कल्याणकारी मंडळाकडे. माझ्या प्रत्येक बिलातून तो कापला जातो, आणि याबद्दल माझी तक्रार नाही. पण 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं की देशभर 37,400 कोटींहून जास्त जमा झाले आणि खर्च झाले सुमारे 9,500 कोटी. कामगारांच्या पैशातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशिन घेतल्याचंही न्यायालयासमोर आलं होतं. मंडळातल्या नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदाराने द्यायचा, आणि आमच्यातले किती जण खळखळ न करता देतात ते विचारू नका. मी स्वतः पहिली काही वर्षं टाळत होतो, उगाच कुठे नाव अडकायला नको म्हणून.

तुम्ही अभ्यासासाठी विचारत असाल तर मोर्चाच्या बातम्या बाजूला ठेवा. पुरवणी मागण्यांच्या पुस्तकात सार्वजनिक बांधकाम विभागाची पानं काढा आणि कुठल्या तालुक्यातल्या रस्त्यासमोर किती रक्कम आहे ते बघा. मग त्या तालुक्याचा आमदार कुठल्या पक्षाचा, हे शेजारी पेन्सिलीने लिहीत जा. आम्ही दर डिसेंबरला हेच करतो.