छोट्या शेतकऱ्यांकडून थेट स्पेशालिटी (चाखून निवडलेली, वरच्या दर्जाची) कॉफी घ्यायची तर सुरुवात कशी करावी? इंदूरला आणून स्वस्त पडेल का?

स्वस्त पडणार नाही. दलाल शेतकऱ्याला अंगणात रोख मोजतो. तुम्ही नमुना घेऊन, कपिंग (कॉफी कपात करून चाखणं) करून महिन्याभराने पैसे देणार असाल, तर चांगलं बी तो तुमच्यासाठी का राखेल?

मी आणि माझ्या भागीदाराने चिकमगळूरहून एस ७९५ ची (अरेबिका जातीच्या कॉफीचं एक वाण) दोन पोती मागवली होती. मार्चच्या नमुन्यात ओलावा ११ टक्के, ३५० ग्रॅममध्ये मोठा दोष एकही नाही, कपात स्वच्छ गोडवा. भागीदाराने माल उचलला जुलैत, नुसत्या तागाच्या पोत्यांत, आणि इंदूरच्या सियागंज बाजारातल्या गोदामात फरशीवर पंधरा दिवस पडू दिला. उघडलं तर निळसर-हिरवं बी पांढुरकं, ओलावा मीटरवर १३.५ टक्के, कपात गोणपाटाचा वास. भागीदार म्हणाला, शेतकऱ्याने माल बदलला, पैसे कापा. आणि कापले. माल बदललेला नव्हता. कॉफीचं बी हवेतली ओल ओढतं; मलबार किनाऱ्यावर पावसाळी दमट हवा लावून फुगवलेली 'मान्सून्ड' कॉफी याच गुणावर मुद्दाम करतात. हवाबंद पिशवीत राखलेला मार्चचा नमुना अजून ११ वरच होता. दोन्ही बिया शेजारी ठेवून पाहायची तसदी त्याने घेतली नाही.

तेव्हा अरेबिकाची बोलणी ऑक्टोबरात करा, तोडणी नोव्हेंबर-जानेवारीत असते. थोडी उचल (आगाऊ रक्कम) द्याच. फक्त पिकलेली फळं वेचायची तर बागेत जास्त फेऱ्या होतात, मजुरी वाढते. नॅचरल (फळ न सोलता अख्खं वाळवलेली कॉफी) हवी असेल तर वाळवण जाळीच्या मांडवावर, पातळ थरात, दिवसातून अनेकदा हलवून, रात्री झाकून. दोन-तीन आठवडे लागतात. घाई केली तर बी वरून कोरडं, आतून ओलं राहतं आणि काही महिन्यांत चव मरते. भाव पार्चमेंटचा (कडक पापुद्र्यातलं वाळलेलं बी) की सोललेल्या बीचा, हे लिहून घ्या. १०० किलो पार्चमेंटमधून साधारण ८० किलो बी निघतं, आणि बहुतेक भांडणं या वीस किलोंवर होतात. पोत्याला आतून हवाबंद अस्तर हवं. माल मेअखेर इंदुरात, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब.

किती घ्यावं? पहिल्या वर्षी एखाद-दोन पोती. भाजताना साधारण १५ टक्के वजन जातं, ते धरा.

अर्थात शेतकऱ्याचीही चूक असते, नमुना चांगला आणि पोतं वेगळं असंही होतं. म्हणून पोतं शिवण्याआधी त्यातूनच दुसरा नमुना घ्या, ओलावा दोघांसमोर मोजा, अर्धा त्याच्याकडे आणि अर्धा तुमच्याकडे सीलबंद ठेवा. त्यानंतर लागलेली ओल घेणाऱ्याची. त्या दोन पोत्यांचे पैसे पुरते द्यायला हवे होते, हे मी आजही भागीदाराच्या तोंडावर सांगेन.