‘आम्ही’ म्हणण्याबद्दल

प्रिय मैत्री,

अकोल्याहून परतताना विमानात तू विचारलंस, "आई, तू तर आता कॅनडाची नागरिक आहेस. मग मामाच्या लग्नात सगळ्यांबरोबर ‘आम्ही, भारताचे लोक’ कसं म्हणालीस? ते खोटं नाही का?" मी डोळे मिटून घेतले, पण झोप आली नाही. ‘खोटं’ हा शब्द लागला गं.

आपल्या घरच्या लग्नांत बुद्धवंदनेनंतर संविधानाची उद्देशिका वाचतात. मला ती पाठ आहे, कारण आबांनी करून घेतली. मी चौथीत होते. रात्री जेवणं झाली की ते ओसरीवर बसवायचे. ‘प्रवर्धित’ माझ्या जिभेवर बसायचाच नाही, तर तोडून म्हणायला लावायचे, प्र-वर्-धित. अर्थ विचारला की म्हणायचे, "वाढवलेली. बंधुता आपोआप वाढत नाही, म्हणून लिहून ठेवलंय."

आबा स्वतः मात्र पहिल्याच ओळीत अडखळायचे. त्यांच्या शाळेतल्या उद्देशिकेत ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द नव्हते, ते १९७६ सालच्या ४२व्या घटनादुरुस्तीने आले. त्यांची जीभ ‘सार्वभौम’वरून थेट ‘लोकशाही’वर जायची आणि मी मोठ्या ऐटीत त्यांना थांबवायचे. ते पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे, माझ्यासाठी.

कलम १७ ला ते नुसतं ‘सतरा’ म्हणत. अस्पृश्यता नष्ट केली आहे, असं ते कलम सांगतं. संविधान लागू होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, तरी लहानग्या आबांना गावच्या विहिरीवर घागर घेऊन लांब उभं राहावं लागे. कुणी वरून ओतलं तर पाणी मिळायचं. मी विचारायचे, मग लिहून काय उपयोग झाला? "लिहिलं नसतं तर भांडायला कशाच्या जोरावर गेलो असतो?" असं म्हणून ते गप्प बसायचे. हे उत्तर मला तेव्हा पुरलं नव्हतं. अजूनही काही दिवशी पुरत नाही.

आता तुझा प्रश्न. कायद्याने तुझंच बरोबर आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ म्हणतं, की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, पण मला तिथे मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पासपोर्टवर रद्द झाल्याचा शिक्का बसला तो दिवस मी आबांना फोनवर सांगितला, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "स्वेच्छेने ना?" मी हो म्हटलं. ते खरंच होतं, तुझ्यासाठी आणि माझ्या नोकरीसाठी.

परवा रात्री मी मराठी संविधान उघडून बसले. कलम १९ मधलं भाषणस्वातंत्र्य नागरिकांना आहे. पण कलम १४ मधली कायद्यापुढची समानता आणि कलम २१ मधलं जीवित व स्वातंत्र्याचं संरक्षण ‘व्यक्ती’ला आहे, म्हणजे परक्यालासुद्धा. तुमच्या इथल्या, कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या चार्टरमध्येही असंच आहे बघ, मताचा हक्क नागरिकाला, जीविताचा सगळ्यांना. उद्देशिकेतही नागरिकांचा उल्लेख आहेच, पण शेवटाकडे ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ येते आणि तिच्याबरोबर बंधुता, जी मसुदा समितीने घातली. आबांची घागर त्या दोन शब्दांत आहे, असं मला वाटतं. मंडपात मी ‘आम्ही’ म्हणाले ते त्या घागरीजवळ उभं राहून. एवढ्याने ते खरं ठरतं का, मला सांगता येत नाही.

तू म्हणायलाच हवं असं नाही. त्या दिवशी तू नुसती उभी राहिलीस, तेही मला आवडलं.

आबांनी विचारलंय, ओसरीतली उद्देशिकेची जुनी तसबीर, ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ नसलेली, टोरांटोला पाठवू का म्हणून. मी अजून हो म्हटलेलं नाही. घरात लावायची की नाही, ते तू सांग. नको असेल तर तसं मी त्यांना कळवीन.

तुझी,
आई