आजवर वापरलेल्या सेकंडहँड गाड्यांमध्ये सगळ्यात भरवशाची कोणती निघाली?

तुम्ही म्हणताय घरात पहिलीच गाडी येणार, बजेट कमी आहे आणि रस्त्यात दगा देणारी नको. मी आजवर शोरूममधून गाडी घेतलेलीच नाही, सगळ्या वापरलेल्याच. त्यात झेन, होंडा सिटी आणि वॅगनआर तिन्ही चांगल्या निघाल्या पण एकच नाव सांगायचं तर वॅगनआर, २०१० नंतरची के-सिरीज इंजिनवाली.

९९८ सीसी, तीन सिलिंडर, साधं इंजिन. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च वाचतो. आमची लाखाच्या वर पळालीये, गणपतीला पुण्याहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात चार माणसं, डिकी ठासून भरलेली, एसी चालू, तरी टेम्परेचरचा काटा कधी वर गेला नाही. ऑइल, फिल्टर, एकदा क्लचप्लेट, बाकी काही नाही. आणि वाटेत पाटणला बंद पडली असती तरी तिथल्या मेस्त्रीला तिचं काम आलं असतं आणि पार्टही मिळाला असता, मला तर हे मायलेजपेक्षा मोठं वाटतं.

सिटी माझी २००३ नंतरची आय-डीएसआय (दर सिलिंडरला दोन प्लगवालं इंजिन) होती, इंजिन खरंच सुंदर, पण चार सिलिंडरला आठ स्पार्क प्लग, म्हणजे बदलताना आठही बदला, आणि खाली स्पीडब्रेकर घासायचे. झेन अजूनही आवडते पण ती बंद होऊन जमाना झाला, आता धड मिळणं कठीण.

मॉडेलपेक्षा समोरची गाडी नीट बघा हो. मालकाला आधीच सांगा की मी यायच्या आत चालू करू नका, थंड इंजिन कसं स्टार्ट होतंय ते कळलं पाहिजे. मग सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाचा डाग दिसला तर गाडी पाण्यात होती समजा आणि तिथूनच परत फिरा. २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या पुरात बुडालेल्या गाड्या मी बघितल्यात, बाहेरून धुवून पॉलिश केलं की ओळखू येत नाहीत, पण पट्ट्याचं आतलं टोक सहसा कोणी धूत नाही.

आरसीवर लोनचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या.