कमी वेगाच्या छोट्या विद्युत मोटारगाड्या मुंबई परिसरात बनवता येतील का?

जुळणी नक्कीच शक्य आहे, कारण सांगाडा, वायरिंग आणि फायबरचे भाग वसई किंवा रबाळे येथील लहान कारखाने करू शकतात. बॅटरीचे सेल मात्र अजूनही मुख्यतः आयातच करावे लागतात. खरी कसोटी मान्यतेची आहे. २०१८ पासून क्वाड्रिसायकल, म्हणजे मोटारीपेक्षा लहान आणि हलके चारचाकी वाहन, खासगी वापरासाठीही नोंदवता येते, परंतु तिला प्रमाणन चाचण्या पार कराव्याच लागतात, आणि तो खर्च थोड्या गाड्यांवर वसूल होत नाही. बंगळुरूची रेवा ही छोटी विद्युत मोटारगाडी २००१ मध्ये बाजारात आली, तरी देशात तिचा खप मर्यादितच राहिला. मुंबईच्याच एका नवउद्योगाने २०२२ मध्ये दोन आसनी विद्युत गाडी ‘ईझ-ई’ सादर केली होती. माझ्या मते, सोसायटीत चार्जिंगची सोय नसेल तर स्वस्त मोटारीलाही गिऱ्हाईक मिळणे कठीण आहे.