बरेच महिने उंचावर राहिलं तर हृदय दणकट होतं का?

सहा महिने चार हजार मीटरवर राहायचंय, तेवढ्यात हृदय आणखी दणकट होईल का, असं तुम्ही विचारलंय. मी रोज टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करते, म्हणून पडद्यावर जे दिसतं त्यावरून सांगते. हृदय जुळवून घेतं हे खरं, पण दणकट होत नाही. आणि ताण येतो तो उजव्या बाजूवर.

पहिल्या काही दिवसांत ठोके वाढतात. लघवी जास्त होऊन रक्तातलं पाणी घटतं, त्यामुळे एका ठोक्यात पूर्वीपेक्षा कमी रक्त बाहेर पडतं. पुढच्या काही आठवड्यांत हिमोग्लोबिन वाढतं. जोराच्या श्रमात मात्र ठोके खालच्याइतके वर जातच नाहीत. त्याला घाबरू नका.

डावा कप्पा उलट थोडा लहान होतो, पण त्याचं आकुंचन टिकून राहतं. 1985 साली ‘ऑपरेशन एव्हरेस्ट-2’मध्ये स्वयंसेवकांना बंद कक्षात ठेवून, हवेचा दाब आठवडेच्या आठवडे हळूहळू उतरवत एव्हरेस्टच्या माथ्याइतका कमी केला होता. तिथेही हृदय नीट आकुंचन पावत होतं! मला याचं अजून नवल वाटतं.

आता उजवी बाजू. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. फुप्फुसाचा एखादाच भाग बिघडलेला असेल तर हे फायद्याचं, कारण रक्त चांगल्या भागाकडे वळतं. पण उंचावर सगळीकडेच ऑक्सिजन कमी, म्हणून सगळ्याच आकसतात आणि त्यांच्यातून रक्त ढकलायचं काम उजव्या कप्प्यावर येतं. त्याची भिंत डाव्याच्या मानाने फारच पातळ, जेमतेम 3-4 मिलिमीटर. इकोच्या आडव्या छेदात निरोगी डावा कप्पा गोल दिसतो आणि उजवा त्याला चंद्रकोरीसारखा बिलगलेला असतो. उजवीकडचा दाब फार वाढला की दोन कप्प्यांमधला पडदा चपटा होतो आणि त्या गोलाचा इंग्रजी ‘डी’ होतो. फुप्फुसाच्या जुनाट दुखण्यात मी हा ‘डी’ पाहते. तिथे कारण वेगळं, पण ओझं हेच.

तुम्ही जाणार त्या उंचीवर बहुतेकांचा फुप्फुसाच्या धमनीतला दाब बेताचाच वाढतो. मात्र 5800 ते 6700 मीटरवर महिनोन्महिने राहिलेल्या काही भारतीय जवानांचं उजवं हृदय थकून अंगावर सूज आली होती, पोटात पाणी झालं होतं. 1990 मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली. खाली आणल्यावर ते बरे झाले. तिबेटी लोकांचा हा दाब फारसा वाढत नाही, पण ती पिढ्यान्पिढ्यांची कमाई आहे, सहा महिन्यांत मिळणारी नाही.

जाण्याआधी एकदा इको करून घ्या आणि फुप्फुसाच्या धमनीचा दाब रिपोर्टमध्ये लिहायला सांगा. तिथे पाय सुजू लागले किंवा दम वाढतच गेला तर वाट पाहू नका, खाली उतरा.